वडील चालत दवाखान्यात गेले, दीर जागेवर कोसळले

वाचकाचं पत्र (थोडं कापून) :

माझं माहेर कराडजवळ, सासर त्याच जिल्ह्यात डोंगराच्या कडेला. मागच्या वर्षी वडिलांच्या (वय 63) पहाटे छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. आई म्हणाली पित्त आहे, सोडा दे. मी माहेरी होते, भावाला गाडी काढायला लावली. वडील स्वतः दवाखान्याच्या पायऱ्या चढले. अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला. आता रोज रानात जातात. यंदा मे महिन्यात धाकटे दीर (वय 41) अंगणात जत्रेच्या मांडवाचे वासे रोवताना बोलता बोलता कोसळले. आधी दोन दिवस खांदा भरून आलाय म्हणत होते. हातपाय झटकले म्हणून सगळे म्हणाले फिट आली. कांदा फोडून नाकाला लावला, चप्पल हुंगवली, दातात चमचा घातला. घोरल्यासारखा श्वास चालू होता. दहा-बारा मिनिटांनी बोलेरो आली. तालुक्याला नेईपर्यंत संपलं होतं. पोस्टमॉर्टेमला घरच्यांनी नको म्हटलं. कागदावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिलंय. सासूबाई म्हणतात, ‘स्वतःच्या बापाला वाचवलंस, माझ्या लेकाच्या वेळी नुसती बघत उभी राहिलीस.’ मी खरंच उभी होते. दोघांनाही अटॅकच आला ना? मग असं कसं? त्यांनी आता घरातल्या प्रत्येकाच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्यात, आणि ‘अटॅक आला की जोरजोरात खोका’ हा मेसेज सगळ्यांना पाठ करायला लावलाय. ह्यांचं वय 45 आहे. दिरांना 12 आणि 8 वर्षांची दोन मुलं आहेत. भीती वाटते.

उत्तर :

ताई,

आपल्याकडे छाती धरून माणूस गेला तरी अटॅक, झोपेत गेला तरी अटॅक, शर्यतीत पळताना पडला तरी अटॅक. शब्द एकच असल्यामुळे तुमच्या सासूबाईंचा हिशेब तयार झालाय की सुनेनं एक अटॅक वाचवला आणि दुसरा वाचवला नाही. हिशेबातली पहिलीच रक्कम चुकलीय. तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे झालं आणि दिरांच्या बाबतीत अंगणात जे झालं, त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एकीत तुमच्या हाताशी काही तास होते. दुसरीत जेमतेम चार-पाच मिनिटं होती, आणि ती कशी वापरायची हे त्या अंगणात कोणालाच माहीत नव्हतं.

आधी वडिलांचं बघू. हृदय सगळ्या अंगाला रक्त पोचवतं, पण आपल्या पोटात भरलेल्या रक्तातून स्वतःला काही घेत नाही. त्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्या पाठीपोटावरून फिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून, कोरोनरी आर्टरीजमधून. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. एखाद्या पहाटे तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि नळी तुंबते. तिच्या पलीकडचा स्नायू उपाशी पडतो, दुखायला लागतो आणि कडेकडेनं मरायला लागतो. हा हार्ट अटॅक. यात हृदय चालू असतं. अडखळत असेल, दुखत असेल, पण चालू असतं, म्हणून माणूस बोलतो, घामेजतो, ‘काही नाही गं, गॅस झालाय’ म्हणतो, आणि तुमच्या वडिलांसारखा पायऱ्याही चढतो. (त्या पायऱ्या त्यांनी चढायला नको होत्या. दारात व्हीलचेअर मागायची. मरणाऱ्या स्नायूला जिने चढायला लावू नये.)

इथे घड्याळ तासांचं असतं. नळी जितकी लवकर उघडेल तितका जास्त स्नायू वाचतो. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण पोचल्यापासून दीड तासाच्या आत नळी उघडावी, असा जगभरचा आग्रह आहे. तेवढ्या जवळ सोय नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. ते पहिल्या बारा तासांत देता येतं, पण खरा गुण पहिल्या दोन-तीन तासांत. तुम्ही सोड्याची बाटली बाजूला ठेवून गाडी काढायला लावलीत, ते अगदी बरोबर केलंत.

आता दीर. तुमच्या रानात विहिरीवर तीन फेजची मोटर असेल. एक फेज उडाली की काय होतं, तुम्ही पाहिलं असेल. मोटर गप्प बसत नाही. घूं-घूं करते, थरथरते, तापते, आणि पाणी मात्र थेंबभर वर येत नाही. हृदयाचंही तसंच आहे. त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यात विजेचा एक छोटा ठोकेदार बसलेला असतो. त्याचा इशारा ठरलेल्या वाटेनं सगळ्या स्नायूत पसरतो आणि सगळा स्नायू एका दमात आकसतो. दिवसाला साधारण लाखभर वेळा. ही वीज बिघडली की प्रत्येक तंतू आपापल्या लयीत वळवळायला लागतो. डॉक्टर त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. छाती उघडून पाहिली तर हृदय हललेलं दिसेल, पण रक्त ढकललं जात नाही. नाडी लागत नाही. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध. वासा हातात, वाक्य अर्ध्यावर, आणि खाली. याला कार्डिॲक अरेस्ट म्हणतात. अटॅकचा रुग्ण तुम्हाला सांगतो की मला काहीतरी होतंय. अरेस्टचा रुग्ण काहीच सांगत नाही.

दोन्हींचं नातं मात्र आहे, म्हणूनच घोळ होतो. उपाशी पडलेल्या स्नायूत वीज सहज बिघडते, त्यामुळे हार्ट अटॅकच्या रुग्णाला कोणत्याही क्षणी अरेस्ट होऊ शकतो, आणि पहिल्या तासात हा धोका सगळ्यात जास्त. आपले श्रेयस तळपदे आठवा. डिसेंबर 2023, वय 47. शूटिंग आटोपून घरी आले, अस्वस्थ वाटायला लागलं, पत्नी गाडीत घालून निघाली, आणि दवाखाना जवळ आला असताना ते बेशुद्ध पडले. डॉक्टरांनी छाती दाबून, विजेचे झटके देऊन हृदय पुन्हा चालू केलं आणि मग तुंबलेली नळी उघडली. हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. आधी अटॅक, त्यातून अरेस्ट. यासाठीच मी म्हणते की छातीत दुखणाऱ्या माणसाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, आणि त्यानं स्वतः गाडी चालवत जाणं तर दूरच. वाटेत वीज गेली तर दोघंही रस्त्यावर.

पण अरेस्टला अटॅक लागतोच असं नाही. हृदयाचा स्नायू जन्मतः जाड असणं, विजेच्या वाटेत वंशपरंपरेनं आलेला दोष, विषाणूमुळे हृदयाला आलेली सूज, रक्तातलं पोटॅशियम खूप वर-खाली होणं, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं, यातल्या कशानंही हृदय बंद पडू शकतं. 12 जून 2021 ला कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन चेंडू घ्यायला पुढे झाला आणि कोणी धक्काही न लावता कोसळला. वय 29, जगातल्या उत्तम फुटबॉलपटूंपैकी एक. सगळ्या जगानं ते टीव्हीवर पाहिलं. सहकाऱ्यांनी पाठमोरं कडं करून त्याला आडोसा दिला आणि आत गवतावरच त्याची छाती दाबणं चालू होतं. त्याला स्ट्रेचरवर टाकून कोणी पळालं नाही. झटका तिथंच दिला, शुद्धही तिथंच आली, दवाखाना त्यानंतर. छातीत झटका देणारं छोटं यंत्र बसवून तो पुढच्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये पुन्हा खेळायला उतरला.

ते गवत आणि तुमचं अंगण यांत फरक काय होता, ते सांगते. यातलं काही ऐकायला जड जाईल.

दीर पडले तेव्हा त्यांनी हातपाय झटकले. फिट दिसली ती फिट नव्हती. मेंदूचं रक्त अचानक थांबलं की सुरुवातीला काही सेकंद असे झटके येतात. डॉक्टरही फसतात. मग कांदा आला, चप्पल आली, चमचा आला. कांद्यानं ना फिट थांबते ना हृदय चालू होतं. आणि चमच्याबद्दल हात जोडून सांगते, खरी फिट असली तरी दातात काही घालू नका. दात तुटून घशात गेलेले मी काढलेत.

आणि तो घोरल्यासारखा श्वास. तुम्ही लिहिलंय ‘श्वास चालू होता’. ताई, तो श्वास नव्हता. त्यासाठी आपल्या आजीच्या तोंडी एक नेमका शब्द होता, ऊर्ध्व. ‘ऊर्ध्व लागला’ म्हटलं की घरातलं कोणीतरी तुळशीचं पान आणायला उठायचं. मधूनच एक ओढलेला आचका, घशात घरघर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. हृदय थांबल्यावर मेंदूच्या देठातून येणारा तो शेवटचा रेटा असतो. त्यानं फुप्फुसात पुरेशी हवा जात नाही. त्या बायकांना वैद्यक येत नव्हतं, पण ऊर्ध्वाला त्या कधी श्वास समजल्या नाहीत. आपण शब्द विसरलो आणि ओळखही विसरलो. आज हा श्वास दिसला की तुळस आणायची नाही, छातीवर हात ठेवायचे, एवढाच बदल करायचाय.

मी फार शहाणी आहे असं वाटू नये म्हणून माझं सांगते. इंटर्न असताना एका रात्रपाळीला एका रुग्णाची बायको पळत आली, ‘हे विचित्र घोरतायत’. मी जाऊन पाहिलं. छाती हलत होती. मी स्टेथोस्कोप कानाला लावून, श्वास आहे की नाही, आवाज कसा आहे, असं ऐकत बसले. अर्धं मिनिट तरी गेलं असेल. वॉर्डच्या सिस्टर आल्या, एक नजर टाकली, मला खांद्यानं बाजूला सारलं, पायानंच स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि दाबायला लागल्या. ‘मॅडम, हा ऊर्ध्व आहे, क्रॅश कार्ट आणा.’ (म्हणजे तातडीची औषधं आणि झटक्याचं यंत्र ठेवलेली ढकलगाडी.) तो माणूस वाचला नाही. साडेचार वर्षं शिकून मी उभी राहिले होते. तुम्हाला तर कोणी काही शिकवलंच नव्हतं.

मग काय करायला हवं होतं? कोसळलेल्या माणसाला खांदे धरून हलवा, मोठ्यानं हाक मारा. उत्तर नाही, आणि श्वास नाही किंवा असला आचक्यांचा आहे, एवढं पुरे. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच नाडी लागते. एकानं 108 लावून फोन स्पीकरवर टाकायचा. दुसऱ्यानं रुग्णाला खाटेवर असेल तर खाली, कठीण जमिनीवर उताणं घ्यायचं. गुडघे टेकून त्याच्या कुशीला बसायचं. छातीच्या मधोमध जे हाड आहे त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर ताठ, आणि कमरेपासून वजन टाकून दाबायचं. पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचांहून थोडं जास्त. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं. मिनिटाला 100 ते 120, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचा दम जातो, लगेच दुसऱ्यानं हात घ्यायचे. तोंडाला तोंड लावून श्वास द्यायला शिकलेला नसाल तर मोठ्या माणसाच्या बाबतीत तो सोडून द्या. नुसतं दाबणंही चालतं. बुडालेल्याला आणि लहान मुलांना मात्र श्वासही लागतो, ते शिकून घ्यावं.

बरगडी कडकन मोडेल. मोडू द्या, ती सहा आठवड्यांत सांधते. पडलेली बाई असेल तर पदर, मंगळसूत्र, लोक काय म्हणतील, यात वेळ घालवू नका. बाईच्या छातीला हात लावायचा कसा, म्हणून गप्प उभे राहिलेले पुरुष मी पाहिलेत. बेशुद्ध आहे की मेलेला आहे, कळत नसेल तरीही दाबा. चालू हृदयावर चार दाब बसले तर माणूस कण्हेल, हात झटकेल आणि तुम्ही थांबाल. न दाबल्यामुळे जे होतं ते मात्र परत फिरवता येत नाही.

ही युक्ती सापडली त्याची गोष्ट मला फार आवडते. 1958 च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विजेच्या झटक्यांचे प्रयोग कुत्र्यांवर चालले होते. निकरबॉकर नावाच्या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं की झटका देण्याआधी ती जड पॅडल नुसती छातीवर दाबली तरी रक्तदाबाचा काटा हलतो. त्याचे गुरू कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. जूड नावाच्या सर्जनला सोबत घेऊन तिघांनी 1960 मध्ये ते छापलं आणि लिहिलं की यासाठी लागतात फक्त दोन हात, आणि हे कोणालाही, कुठेही करता येईल. त्याआधी थांबलेलं हृदय चालवायचं म्हणजे छाती चिरून ते मुठीत धरायचं.

छाती दाबल्यानं हृदय सहसा आपोआप सुरू होत नाही. तुमचे हात तेवढा वेळ मोटरीचं काम करतात आणि मेंदूला थोडं थोडं रक्त पोचवत राहतात. बिघडलेली वीज सरळ होते ती झटक्यानं. तो देणारं छोटं यंत्र, एईडी, मोठ्या विमानतळांवर भिंतीवर लावलेलं असतं. झाकण उघडलं की ते बोलून सूचना देतं, छातीला पट्ट्या चिकटवल्या की लय तपासतं, आणि गरज नसेल तर झटका देतच नाही. कोणीही वापरू शकतं. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि चार-सहा मिनिटांनंतर मेंदू मरायला लागतो. आता हे बोलेरोशी ताडून पाहा. दहा-बारा मिनिटं गाडीची वाट, मग घाटरस्ता, मागच्या सीटवर मांडीवर घेतलेलं डोकं. हलत्या जीपमध्ये छाती धड दाबता येत नाही. म्हणून गाडी महत्त्वाची ती अटॅकमध्ये. अरेस्टमध्ये माणूस पडला तीच जागा दवाखाना समजायची आणि रुग्णवाहिका तिथं येऊ द्यायची. डोंगराकडेच्या गावात 108 ला वेळ लागतो, हे मला कोणी सांगायला नको. पण गावात माणसांना तोटा नसतो. मांडवाला दहा जण होते ना? दहा जणांनी दोन-दोन मिनिटं दाबलं की वीस मिनिटं निघतात.

मग तुम्ही हे केलं असतं तर दीर वाचले असते का? हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण पत्रभर तोच आहे. ताई, खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी, कोपऱ्याकोपऱ्यावर यंत्रं असलेल्या श्रीमंत देशांतसुद्धा, दहातला एखादाच चालत घरी येतो. एरिक्सन टीव्हीवर दिसला, उरलेले नऊ दिसत नाहीत. तुम्ही सगळं बरोबर केलं असतं तरी बहुधा हाच शेवट झाला असता. बहुधा म्हणतेय, नक्की म्हणत नाही, कारण तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणं मला जमणार नाही. पण ‘नुसती उभी राहिलीस’ हा आरोप एकट्या तुमच्यावर लागू होत नाही. त्या अंगणात सगळेच उभे होते, सासूबाईसुद्धा.

कागदावरच्या ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’चा अर्थ एवढाच की हृदय आणि श्वास थांबला. तो तर प्रत्येक मेलेल्या माणसाचा थांबतो. मृत्यूच्या कारणाच्या सरकारी फॉर्मवर छापलेलंच असतं की मरण्याची रीत लिहू नका, कोणत्या आजारानं मृत्यू आला ते लिहा. तरी आम्ही डॉक्टर घाईत तेच लिहितो, कारण पोस्टमॉर्टेमशिवाय दुसरं लिहिण्यासारखं हातात काही नसतं. त्या ओळीवरून काही शोधायला जाऊ नका. दोन दिवस खांदा भरून आला होता, हे मला जास्त सांगून जातं. कदाचित तो हार्ट अटॅकचाच निरोप असेल. वेदना कायम छातीतच यावी असं काही नाही. खांदा, जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग, कुठेही येते. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर कधी नुसता दम लागतो किंवा मळमळतं. पण वासे उचलून खांदाही भरून येतोच. तेव्हा कळायला हवं होतं, हे ओझंही घेऊ नका.

कारण नक्की कळलं नाही, म्हणूनच घरातल्यांची तपासणी करायची. तुमच्या मिस्टरांचा ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल. चालताना किंवा जेवल्यावर चढ चढताना छाती भरून येत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, मग ते ठरवतील ती पुढची तपासणी. तंबाखू असेल तर ती आजच बंद. आपल्या लोकांत हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी येतो, त्यामुळे 45 हे वय थांबण्याचं नाही. दिरांच्या दोन्ही मुलांचाही एकदा ईसीजी आणि इको करून घ्या, आणि घरात म्हाताऱ्या माणसांना विचारा : पळताना किंवा घाबरल्यावर चक्कर येऊन पडणारं कोणी होतं का? पोहता येत असून विहिरीत बुडालेलं? पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं? उत्तर ‘हो’ आलं तर ते हृदयरोगतज्ज्ञांच्या कानावर घालायलाच हवं.

खोकण्याचा मेसेज काढून टाका. अँजिओग्राफीच्या टेबलावर, मॉनिटर लावलेला असताना, लय बिघडताना दिसली तर डॉक्टर कधीकधी रुग्णाला खोकायला सांगतात. त्याची अशी मोडतोड होऊन तो गावोगाव फिरतोय. अटॅकमध्ये खोकल्यानं नळी उघडत नाही, आणि अरेस्टमध्ये माणूस दहा सेकंदांत बेशुद्ध, खोकणार कोण?

खिशातल्या गोळ्या गोळा करून घ्या, सगळ्यांच्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते, दुखणं कमी करते, पण रक्तदाबही पाडते. आधीच दाब कमी असेल किंवा माणसानं लैंगिक ताकदीची गोळी एक-दोन दिवसांत घेतलेली असेल तर ती घातक ठरू शकते. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलीय, त्यानंच आणि बसून घ्यायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर काहीच घालू नका, ना गोळी, ना पाणी. शुद्धीवर असलेल्या, छातीत जोराचं दुखणाऱ्या मोठ्या माणसाला खरा उपयोग ॲस्पिरिनचा होतो : 300 ते 325 मिलिग्रॅम, गिळून नव्हे, चावून. त्याची ॲलर्जी नसेल आणि पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला नसेल तरच. आणि गोळी दिली म्हणून घरी थांबायचं नाही. जवळच्या जिथे ईसीजी निघतो तिथे जायचं. पहिला ईसीजी साफ आला आणि दुखणं चालूच असेल तर ‘पुन्हा काढा’ म्हणायला लाजू नका. सुरुवातीचा ईसीजी कधीकधी फसवतो.

वडिलांचं एक काम राहिलंय. त्यांचा इको वर्षाचा झाला असेल, तो पुन्हा करा आणि ‘पंपिंग किती टक्के’ ते विचारा. साधारण 55 च्या वर असेल तर छान. 35 किंवा त्याखाली असेल तर पुढे अरेस्टचा धोका वाढतो, आणि एरिक्सनसारखं यंत्र बसवायचं का हे डॉक्टरांशी बोलावं लागतं. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायचा म्हणून किंवा बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद होत नाहीत ना, एवढं बघा.

सासूबाईंशी वाद घालायला हे उत्तर वापरू नका. त्यांचा 41 वर्षांचा मुलगा गेलाय, त्यांना कोणावर तरी राग ठेवायला जागा हवी आणि सून समोर आहे. त्यांनी खिशाखिशांत गोळ्या ठेवल्या त्यावरून मला वाटतं, त्यांना राग कमी आणि भीती जास्त आहे. त्या गोळ्या काढून घेताना हाताला दुसरं काहीतरी द्यावं लागेल. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, छाती दाबायला शिकवणारी बाहुली आणि शिकवणारं माणूस गावात आणता येईल का. तालुक्याच्या डॉक्टरांच्या संघटनेलाही विचारून पाहा, बऱ्याच ठिकाणी ते फुकट येतात. जमेपर्यंत गोधडीची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर हात बसवायला लागा. बाहुली आली की पहिल्या रांगेत सासूबाईंना बसवा. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येणार नाही म्हणाल, तर मोजायला बसवा. दाबणाऱ्याला मोजणारं माणूस लागतंच.

मिस्टरांचा ईसीजी निघाला की फोटो पाठवा. उजेडात, कागद सपाट धरून काढा. वडिलांचा पाठवलात त्यात अर्धी पट्टी तुमच्याच हाताच्या सावलीत गेलीय.